दोन दिवसाआड

४ फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

माझा फोन तू उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, आणि आईला मात्र दर रविवारी न चुकता फोन करून "घरी सगळे बरे ना?" असं विचारतोस. घरी आहोतच आम्ही दोघी. त्या 'सगळे'मध्ये मी धरलेली आहे की नाही, हे आईलाही सांगता येत नाही. म्हणून पत्र लिहितेय. फाडायचं म्हटलं तरी एकदा हातात घ्यावं लागेल.

काम आहे म्हणून लिहितेय, गळा काढायला नाही. सोबत एक पानाचा फॉर्म आहे. तळाशी पेन्सिलीने फुली केलीय, तिथे सही करायची आणि परत पाठवायचा. औषधाच्या पंपासाठी तुझ्या गटाने लिहिलेल्या प्रोग्रामात दोष होता, तो नंतर दुरुस्त केला गेला आणि मूळ लेखक म्हणून तुझी त्याला हरकत नाही, एवढंच त्यात म्हटलंय. एक मार्चपासून हे पंप चाळीस वॉर्डांत लागायचे आहेत. तुझ्या एका सहीवाचून घोडं अडलंय आणि साहेब रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन "तुमच्या बंधूंचं काय झालं?" असं विचारतात, जणू तू हॉस्पिटलात भरती आहेस.

परवा आईने मला विचारलं, "तुमचं नेमकं बिनसलं तरी कशावरून?" मी तिला जे सांगितलं ते तुलाही सांगते. पाठीमागे काहीतरी बोलले असं व्हायला नको.

मी म्हटलं, आई, हा पंप रोग्याला जहाल औषध देतो. किती द्यायचं, कधी द्यायचं हे त्यातला प्रोग्राम ठरवतो. प्रोग्राम चुकला तर माणूस जातो. म्हणून एकावर विसंबायचं नाही. तीन वेगवेगळ्या गटांना एकच मागणीपत्र द्यायचं आणि तिघांकडून वेगवेगळे प्रोग्राम लिहून घ्यायचे. तिन्ही पंपात बसवायचे. दोन एक म्हणतील तसं पंपाने वागायचं, आणि तिसरा वेगळं म्हणाला तर पिवळा दिवा लावायचा. एक प्रोग्राम हजारात एकदा चुकतो असं धरलं, तर दोन एकदम चुकायची शक्यता हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एकदा. जोड्या तीन होतात म्हणून दहा लाखांत तीनदा. हे गणित मांडून अहवालाखाली सही करणं हे माझं काम.

"आणि दादाचं काय झालं?"

मी सांगितलं, चाचणीच्या वॉर्डात पिवळा दिवा सारखा लागायचा. मी शोध घेतला. दर वेळी पहिला आणि तिसरा गट एक म्हणत होते आणि दुसरा, म्हणजे दादाचा, वेगळं. चौदाच्या चौदा वेळा. मी तसं लिहिलं. दादाचा प्रोग्राम दुसऱ्यांकडून दुरुस्त करून घेतला, आता तिघंही एकमताने चालतात, दिवा लागत नाही. आणि मी अहवाल दिला त्याच दुपारी दादा राजीनामा देऊन, जेवणाचा डबा टेबलावर तसाच ठेवून निघून गेला आणि कुठल्याशा डोंगराखालच्या शाळेत गणित शिकवायला लागला.

"म्हणजे तो एकटा वेगळा बोलला म्हणून चुकला?"

"हो आई. दोघं स्वतंत्रपणे एकाच उत्तराला आले तर ते उत्तर बरोबर असतं."

"बरं," आई म्हणाली. तिचं ते 'बरं' तुला माहीत आहे. मला राग आला आणि मी दार आपटून अंघोळीला गेले.

दादा, मी बहीण म्हणून तुला झुकतं माप द्यायला हवं होतं का? लोक टपून बसले होते. तुला पाठीशी घातलं असतं तर दोघंही तोंडघशी पडलो असतो. आणि स्वतंत्रपणाबद्दल म्हणशील तर तिन्ही गट वेगळ्या मजल्यांवर होते, आपसांत बोलायची बंदी होती, लिफ्टमध्येसुद्धा एकमेकांकडे बघायचे नाहीत. याहून स्वतंत्र काय असतं?

सही कर आणि पाठव. तिकडे थंडी फार असते म्हणे. आईने मफलर विणायला घेतलाय, हे तुला सांगायचं नाही असं तिने बजावलंय.

घाई

(अजून हेच नाव वापरतेय. बाबांनी ठेवलेलं दुसरं काही माझ्याकडे उरलेलं नाही.)


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा,

फॉर्म मिळाला. सही नाही. फुलीच्या जागी तुझ्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात चारच शब्द: 'घाई, नळ आठवतोय का?'

हे काय आहे? सहा महिने मूग गिळून बसलास आणि तोंड उघडलंस तेही कोडं घालायला? मी शाळेतली पोरगी नाही तुझ्या. कुठला नळ? ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावरचा गळका? तो मी दुरुस्त करून घेतला. की आपल्या मोरीतला, जो मी उघडा टाकून गेले आणि घरभर पाणी झालं? त्याबद्दल तेव्हाच पुरेसं ऐकून घेतलंय. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा," आणि मफलराच्या सुया अशा काही वाजवायला लागली की पुढे विचारायची सोय राहिली नाही.

साहेबांना फॉर्म दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, "ही तांत्रिक हरकत आहे का?" मी म्हटलं, नाही, घरगुती आहे. म्हणाले, "मग आपण धरत नाही. मूळ लेखक सहकार्य करत नसेल तर तपासणी अधिकारी त्याच्या वतीने सही करू शकतो. नियम अकरा." म्हणजे तुझ्या नावापुढे आता मी सही करायची. बघ तुझ्या हट्टाने माझ्यावर काय वेळ आणलीय.

मला एवढंच कळत नाही की तुझी चूक झाली हे मान्य करणं तुला इतकं जड का जातं. माणूस चुकतो, म्हणून तर तीन प्रोग्राम लिहून घेतो आपण. पहिल्या गटाचा तो टक्कल पडलेला प्रमुख, त्यालासुद्धा कळत नसेल तर विचारायची लाज वाटत नाही. तिसऱ्या गटातल्या बाई तर कागद समजला नाही की सरळ फोन उचलतात. तू मात्र कधी कुणाला काही विचारणार नाहीस. लहानपणापासून तसाच.

सोमवारी वॉर्डात जायचंय. तिथल्या मुख्य सिस्टरनी पंपाबद्दल तक्रार केलीय. तक्रार म्हणजे काय, एका ओळीचा कागद: 'यंत्र घाई करते.' मी तीनदा वाचला. माझी कुणी फिरकी घेतंय असंच वाटलं.

सही अजून केलेली नाही. तुझ्यासाठी थांबलेय असं समजू नकोस, पेन सापडत नव्हतं.

घाई


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा,

सोमवारी वॉर्डात गेले. आज शुक्रवार आहे. मधल्या दिवसांत हे पत्र तीन वेळा लिहायला घेतलं.

मुख्य सिस्टर म्हणजे ठेंगण्या, पन्नाशीच्या, खिशात लाल आणि निळा असे दोन खडू. मी जाताक्षणी त्यांना सुनवायला सुरुवात केली. म्हटलं, सिस्टर, आमच्या पंपात तीन स्वतंत्र प्रोग्राम आहेत, तिन्हींचं एकमत आहे, चुकायची शक्यता दहा लाखांत तीनदा. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "झालं? आता इकडे या."

त्यांच्या खोलीत भिंतीवर फळा आहे. एकेका खाटेची एकेक ओळ, वर तारखा. औषध दिलं त्या दिवशी लाल फुली, दिलं नाही त्या दिवशी निळी रेघ. पंप आल्यावर हा फळा पुसून टाका असं आम्हीच त्यांना लेखी कळवलं होतं. त्यांनी पुसला नाही.

"तुमच्याच कागदात काय लिहिलंय ते वाचा बरं," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. 'मात्रा दोन दिवसाआड द्यावी.'

"मग? तुमचं यंत्र आज दिलं की परवा पुन्हा द्यायला बघतं. मी नळी बंद करून ठेवते तेव्हा कुठे थांबतं."

"बरोबर आहे ना ते," मी म्हणाले. "दोन दिवसांतून एकदा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, दादा, की मला माझ्या वयाची लाज वाटली. माझा हात धरला आणि माझ्याच बोटांवर मोजून दाखवलं. "दिवसाआड म्हणजे मध्ये एक दिवस रिकामा. दोन दिवसाआड म्हणजे मध्ये दोन रिकामे. आज दिलं, उद्या नाही, परवा नाही, तेरवा द्यायचं. रक्त सावरायला दोन दिवस पुरे लागतात हो. चोवीस वर्षं हेच करतेय मी."

मी म्हटलं, मग आमच्यातल्या कुणाच्या हे लक्षात कसं आलं नाही?

"आलं होतं की," त्या म्हणाल्या. "मागे एक उंच माणूस आला होता तुमच्याकडचा, खांदे पाडून चालणारा. म्हणाला, यात दोन अर्थ निघतात, तुम्ही वॉर्डात काय करता ते दाखवा. ह्याच फळ्यावर माझ्याकडून फुल्या मारून घेतल्या आणि वहीत उतरवून घेऊन गेला. गुणी माणूस. आणि सुरुवातीला तुमच्या यंत्राला तो पिवळा दिवा तरी लागायचा. लागला की आम्ही थांबायचो, फळा बघायचो. मग तुम्ही तो दिवाच बंद केलात."

मी फळ्यावरच्या फुल्या मोजायला लागले. त्याच पुढे म्हणाल्या, "मागच्या महिन्यात मी तीन दिवस रजेवर होते. चला, दाखवते."

काचेपलीकडच्या खोलीत सहा नंबरचे काका होते. चष्मे दुरुस्त करायचं दुकान आहे त्यांचं. सिस्टर रजेवर असताना पंपाने त्यांना एक मात्रा एक दिवस आधी दिली. तिघांच्या एकमताने. त्यानंतर नऊ दिवस ताप, तोंडभर फोड, पाण्याचा घोट गिळता येईना. आता ताप उतरलाय, डॉक्टर म्हणतात निभावेल. त्यांच्या उशाशी चिमुकला पेचकस होता, आणि ते बसल्या बसल्या कुणा नर्सच्या चष्म्याची काडी घट्ट करत होते. मला बघून हात हलवला. मी कोण हे त्यांना काय माहीत.

आणि तिथे, त्या काचेसमोर, मला नळ आठवला.

पुढचं आज लिहवत नाही. पण एक केलंय ते सांगते. वॉर्डातूनच साहेबांना फोन लावला आणि पंप थांबवायला सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या. मी म्हटलं, देते, पण आधी थांबवा. एवढ्या जोरात म्हटलं की सिस्टरनी मला बसायला स्टूल दिलं. संध्याकाळपर्यंत त्या वॉर्डातले पंप बंद झाले आणि एक मार्चचा बेतही रद्द झाला.

घाई


२४ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

गल्लीच्या टोकाचा नळ. मी सात वर्षांची, तू बारा. त्या वर्षी पाणी कमी होतं आणि नळाला दोन दिवसाआड यायचं. पाणी तू भरायचास. मी हट्ट धरला की माझी छोटी बादली घेऊन एकदा मीच जाणार. तू म्हणालास, "आज नाही, उद्या येईल." मी कुठली ऐकतेय! बाबा दोन दिवसाआड म्हणाले होते आणि दोन दिवस झाले होते. शेजारच्या दोघी जुळ्यांनाही मीच हाक मारून सांगितलं, चला, आज पाणी आहे. आम्ही तिघी भर उन्हात कोरड्या नळापुढे बसलो. मला चक्कर आली. घरी आणल्यावर मी बाबांना सांगितलं की दादानेच मला चुकीचा दिवस सांगितला. तू नाही म्हणालास. तेव्हा मी काय बोलले ते आठवतंय ना तुला? म्हणून तर लिहिलंस तू. मी म्हणाले, "त्या दोघीही आल्या होत्या. आम्ही तिघी चुकलो आणि हा एकटाच बरोबर?"

बाबांना ते पटलं. तुला दिवसभर दाराबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी पाणी आलं. तू तुझी बादली भरलीस, माझीही भरलीस आणि दोन्ही घेऊन आलास.

आता जे तुला माहीत नाही ते सांगते. किंवा माहीत असेलही. तुझा काही भरवसा नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की गट पूर्ण स्वतंत्र होते. दुसऱ्यात लिहिलं की बाकीचे लोक विचारतात आणि तू विचारत नाहीस. ते कुणाला विचारतात हे मात्र लिहिलं नाही. दादा, त्यांनी मला विचारलं होतं. काम सुरू झालं त्या आठवड्यात टकलू प्रमुख जिन्यात भेटला आणि म्हणाला, "मॅडम, ते दोन दिवसाआड म्हणजे नक्की कसं धरायचं?" मी जिना उतरता उतरता म्हणाले, "अहो, दोन दिवसांतून एकदा. त्यात काय विचारायचं!" चार दिवसांनी तिसऱ्या गटातल्या बाईंचा फोन आला. त्यांनाही तेच सांगितलं, तेही त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत. दोन्ही वेळा उत्तर द्यायला मला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. खरं तर मागणीपत्राबद्दल कुणी तपासणी अधिकाऱ्याला तोंडी विचारायचंच नाही आणि त्याने सांगायचंच नाही, असा नियम आहे. तो नियम मीच लिहिलाय. तो पाळलास तो तू एकट्यानेच.

ही गोष्ट मी विसरले होते असं मी स्वतःला समजावत आले. विसरले नव्हते. तुझ्याविरुद्धचा अहवाल लिहीत असताना जिन्यातला तो टकलू एकदा डोळ्यांसमोर आला होता. मी पान उलटलं. आपली चूक असेल असं मनात आणायलाही वेळ लागतो, आणि मला साहेबांना दुपारपर्यंत अहवाल द्यायचा होता.

हजार गुणिले हजार कसलं डोंबलाचं! दोघांचं उत्तर जुळलं कारण दोघांच्या तोंडून मीच बोलत होते. आणि स्वतःच्याच आवाजाला मी दोन मतं मोजली. शिवाय जो एकटा वेगळं बोलत होता त्याला बाकीच्यांसारखं बोलायला लावलं आणि त्यालाही एकमत म्हटलं.

नवा अहवाल आज सकाळी दिला. तीन वाक्यं तुझ्यासाठी उतरवते: 'पहिला आणि तिसरा प्रोग्राम स्वतंत्र नव्हते, कारण दोन्ही गटांनी मागणीपत्राचा अर्थ एकाच व्यक्तीला विचारला होता. ती व्यक्ती मी आहे. दुसऱ्या प्रोग्रामात कोणताही दोष नव्हता.'

साहेबांनी वाचला. बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "मधलं वाक्य काढूया का? 'समान स्रोतामुळे' असं लिहू. अर्थ तोच होतो." भला माणूस आहे, माझ्या भल्यासाठीच म्हणत होता. मी म्हटलं, सर, अर्थ तोच होतो असं धरल्यामुळेच इतकं सगळं झालंय. ते वाक्य राहू दे. त्यांनी राहू दिलं. उद्या आणि परवा समितीपुढे बसायचंय. तपासणीचं काम बहुधा काढून घेतील. घेऊ देत. मला या क्षणी कुठल्याही कागदाखाली सही करायची भीती वाटतेय.

काल सहा नंबरच्या काकांना भेटून आले. त्यांना मी कोण ते सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "तुमच्या चष्म्याची काडी सैल झालीय, द्या इकडे." दिला. चष्मा नव्हता म्हणून माझं रडणं त्यांना दिसलं नसेल असं मी मानते, पण चष्मा काढला होता तो मी, त्यांनी नव्हे, म्हणजे त्यांना स्वच्छ दिसत होतं. बघ, इथेही माझा तर्क चुकला.

तुझ्यावर मी अजून रागावलेली आहे. तुला ठाऊक होतं ना वॉर्डात काय करतात? मग राजीनामा का फेकलास? ओरडायचं होतंस, टेबल आपटायचं होतंस, माझ्या कानाखाली वाजवायची होतीस. तू मात्र दाराबाहेर उभा राहिलास, तेव्हासारखाच. ते काका नऊ दिवस तापात होते, दादा. त्यातला एखादा दिवस तुझ्याही नावावर आहे. बाकीचे आठ माझे.

चुकले मी. नळापाशी चुकले तेही, आणि हेही. दोन्ही एकदम म्हणतेय, कारण पहिलं तेव्हाच म्हटलं असतं तर कदाचित दुसरं झालं नसतं.

मफलर पूर्ण झालाय. आई म्हणते पोस्टाने नको, हातात दे. तेव्हा मी येतेय. दोन दिवसाआड. आज सोमवार, मंगळवार नाही, बुधवार नाही, गुरुवारी दुपारच्या गाडीने. आईपुढे बोटं मोजून घेतलीत आणि निघण्याआधी सिस्टरनाही एकदा विचारणार आहे. दार उघडायचं की नाही ते तुझं तू ठरव. दिवसभर बाहेर उभं राहावं लागलं तरी राहीन. माझी पाळी आहे.

घाई